तारवात शेळ्या होत्या

क्षमा करायला मी रविवारच्या शाळेत शिकले. धडा पाठ केला, त्याबद्दल बक्षीस म्हणून कंपासपेटी मिळवली, आणि आजवर तो धडा एकदाही वापरलेला नाही. हे आधीच सांगून ठेवते. पुढं वाचताना कुणी माझ्याकडून मोठ्या मनाची वाट बघत बसू नये.

आमचं चर्च सांगलीत आहे, नदीपासून फार लांब नाही. दगडी, बुटकं, आत कायम थोडा अंधार. त्या अंधाराचं सगळं चीज वेदीमागच्या रंगीत काचेच्या खिडकीत होतं. परदेशात बनवून, पेटीत भुशात भरून ती बोटीनं आणली म्हणतात. मधोमध ख्रिस्त राजा होऊन सिंहासनावर बसलाय, न्यायाच्या दिवशी. त्याच्या एका हाताला पांढरी, गुबगुबीत जनावरं. दुसऱ्या हाताला काळी. पायाशी गव्हाची पेंढी आणि एक जळता दिवा. आणि सगळ्यात वर, गोल काचेत, नोहाचं तारू, जगबुडीत जनावरांच्या जोड्या वाचवणारं जहाज. खाली हिरवं पाणी, फळीवरून जोडीजोडीनं चढणारी जनावरं, दारात हात पसरून उभा नोहा. लहानपणी उपदेश लांबला की मी ती जनावरं ओळखत बसायची. हत्ती, उंट, कबुतरं. आणि उंटाच्या पायाशी दोन शेळ्या. त्या शेळ्या नीट लक्षात ठेवा.

आमच्या चर्चमध्ये बायका-पुरुष वेगळे बसत नाहीत. घराणी वेगळी बसतात. आत शिरलं की डाव्या बाजूचे बाक मास्तर, नर्सा, दवाखान्यातले कारकून, त्यांची पोरं आणि आता कंपनीत असलेली नातवंडं यांचे. उजवे बाक मागच्या गल्लीतल्यांचे, म्हणजे आमचे. असा नियम कुठं लिहिलेला नाही. पण मी एकदा मैत्रिणीशेजारी म्हणून डावीकडं जाऊन बसले, तर तिच्या आईनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी त्यांच्या ताटातलं उचललं होतं.

उजवी बाजू आमच्या आजोबांनी, आईच्या वडिलांनी निवडलेली. आजोबा पूर्वेकडच्या दुष्काळी भागातले, मेंढरं राखणारे. चाऱ्यासाठी कळप घेऊन नदीकाठी आले, इथं पाय मोडला आणि मिशनच्या दवाखान्यात पडून राहिले. पाय बरा होईस्तोवर कळप पांगला, काही विकला, काही मेला. ते परत गेलेच नाहीत. चर्चच्या आवारात राखणदार म्हणून राहिले, पुढं बाप्तिस्मा घेतला. पहिल्यांदा उपासनेला आत आले तेव्हा त्यांनी ती खिडकी बघितली आणि काळ्या जनावरांच्या खाली जाऊन बसले. आमच्याकडची मेंढरं काळी असतात. लोकर राठ, अंग सडपातळ, माळावर दुरून बघितली तर करवंदं सांडल्यासारखी दिसतात. पांढरं गुबगुबीत मेंढरू त्या माणसानं जन्मात बघितलेलं नव्हतं. त्यांना वाटलं, ते साहेब लोकांचं काहीतरी जनावर असेल. आपली मेंढरं ही इकडची. त्यांच्यामागून गल्लीतले बाकीचे आले, तेही पूर्वेकडचेच. तेही तिथंच बसले.

आणि शुभवर्तमानातली गोष्ट तर सगळ्यांना ठाऊक. राजा मेंढरं उजव्या हाताला घेतो, शेरडं, म्हणजे शेळ्या, डाव्या हाताला. मेंढरं वाचतात, शेरडं जातात आगीत. ख्रिस्त आपल्याकडं तोंड करून बसलाय, त्यामुळं त्याचा उजवा हात म्हणजे आपला डावा. म्हणजे पांढरी ती मेंढरं. आमच्या डोक्यावर होती ती शेरडं. आमची तीन पिढ्यांची भक्ती आगीत जाणाऱ्यांच्या बाजूला बसून झाली, आणि डावीकडच्या एकाही शिकलेल्या माणसानं हे आम्हाला सांगितलं नाही. त्यांना माहीत नव्हतं असं मी मानत नाही.

आता सरांबद्दल. सर म्हणजे आमच्या चर्चकमिटीचे सेक्रेटरी. निवृत्त हेडमास्तर, अर्ध्या गल्लीला त्यांनी शिकवलेलं, मलाही. हातात अजूनही ती बांबूची छडी असते, फळ्यावरचं दाखवायची. चर्चशेजारी मंडळीचा, म्हणजे चर्चच्या सगळ्या सभासदांचा, हॉल आहे, दुमजली. खाली सायकली आणि खुर्च्या, वर लग्नं, साखरपुडे. त्या हॉलची किल्ली सरांच्या कमरेला. ही किल्ली तेवढी डोळ्यासमोर असू द्या. माझी सगळी गोष्ट त्या किल्लीची आहे.

पूर आला तेव्हा मी घरी होते. मी साताऱ्यात असते, औद्योगिक वसाहतीतल्या कंत्राटी कामगारांच्या संघटनेचं काम करते. पत्रकं लिहिणं, गेटवर वाटणं, शिव्या खाणं, पुन्हा लिहिणं. दोन दिवसांसाठी सांगलीला आले आणि महामार्गावर पाणी चढलं, बस बंद. तिसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत पाणी शिरलं. आधी गटारीतनं, मग उंबऱ्यावरनं. आईनं एका गाठोड्यात कागदपत्रं आणि धान्य बांधलं आणि दोन्ही शेळ्या सोडल्या. एक गाभण, दिवस भरत आलेली. दुसरीही गाभणच, पण तिला अजून वेळ होता. आईचं घर त्या शेळ्यांवर चालतं. नवरा मेल्यावर तिनं मला त्यांच्याच दुधावर शिकवलं.

हॉलचं जोतं चर्चपेक्षा उंच आहे, पाणी तिथं कधीच आलेलं नाही. गल्ली सगळी तिकडंच निघाली. सर जिन्याच्या पायथ्याशी उभे होते, छत्री धरून, मागं लोखंडी जाळीचं दार. माणसांना ते वर सोडत होते, तेवढं मान्य करते. आमची पाळी आली तेव्हा त्यांनी छत्री आडवी धरली. वरची फरशी नुकतीच घातलीय, जनावरं नकोत, म्हणाले.

आई म्हणाली, "सर, वर आणत न्हाई. हितंच, जाळीच्या आत, जिन्याखाली बांधते."

"शेळ्या घेऊन देवाच्या घरात यायचं नसतं. एवढं तरी कळू दे."

हॉल देवाचं घर कधीपासून झाला, हे मी विचारलं. त्यात दारू पिऊन वराती नाचल्यात. सरांनी माझ्याकडं बघितलं नाही. शेळ्या मागनं वर घुसतील म्हणून त्यांनी आत सरून जाळी ओढून घेतली आणि कुलूप लावलं. आमच्या मागं अजून दोन-तीन घरं होती, कुणाची कोंबडी, कुणाची म्हैस. सगळी तशीच भिजत माघारी वळली. आम्ही मोठ्या रस्त्याकडं निघालो. गल्ली रस्त्याला लागते तिथं उघडी गटार आहे, पाण्याखाली ती दिसेना. दिवस भरत आलेल्या शेळीचा पाय तिथं गेला. दोर आईच्या मुठीत होता, तो तळहात सोलून निघून गेला. आई हाक मारत राहिली, जनावर थोडा वेळ तोंड वर धरून होतं, मग नव्हतं.

पेट्रोल पंपाच्या छपराखाली पाणी ओसरेपर्यंत राहिलो. आई त्या दिवसांत एवढंच म्हणाली, की पोटात दोन हुती.

पुरानंतर चर्च धुऊन काढलं. गाळ आमच्या बाजूनं काढला, काच त्यांच्या बाजूनं पुसली. इतक्या वर्षांची काजळी गेल्यावर खिडकी अशी पेटली की मीसुद्धा दारात थांबले. मग पाहुणे आले मुंबईहून, पूरग्रस्त मंडळी बघायला. सरांनी छडी घेऊन त्यांना खिडकी समजावली. ही पेंढी म्हणजे पीक आणि न्याय. हा दिवा म्हणजे जागं राहणं. हे तारू म्हणजे मंडळी, बुडत्या जगात एकच आसरा. मग छडी खाली आली. ही मेंढरं, ही शेरडं.

"गंमत अशी," सर म्हणाले, "की आमच्या उजव्या बाजूच्या लोकांना ही शेरडंच मेंढरं वाटतात. तीन पिढ्या मोठ्या भक्तीनं त्यांच्याखाली बसतात."

पाहुणे हसले. डावीकडचे हसले. आई मागं गाळाची बादली घेऊन उभी होती. तिनं बादली खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि घरी गेली.

संध्याकाळी तिनं मला विचारलं, "खरंच ती शेरडं हायती?"

मी हो म्हणाले.

"मग आमच्या बाला कुणी सांगितलं का न्हाई?"

पुढच्या रविवारी ती चर्चला गेली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. पाळक, म्हणजे आमचा पाद्री, नवीन तरुण माणूस, दोनदा घरी येऊन गेला. तिनं चहा दिला, येते म्हणाली नाही.

मी साताऱ्याला परतले आणि पत्रक लिहायला बसले. पत्रकाचं एक तंत्र असतं. पहिल्या ओळीत माणूस थांबला पाहिजे, दुसऱ्या ओळीत त्याला कळलं पाहिजे की कुणावर चिडायचं, आणि शेवटी मागणी एकच. दोन मागण्या म्हणजे मालक सोपी तेवढी देतो. माझं पत्रक असं होतं: "तारवात शेळ्या होत्या. खिडकीत बघा, उंटाच्या पायाशी. नोहानं पुरात दार उघडलं, आमच्या सेक्रेटरींनी कुलूप लावलं. राजा मेंढरांना काय म्हणतो ते आठवा: मी परका होतो, तुम्ही मला आत घेतलं. मग सांगा, शेरडं कोण? सेक्रेटरींनी राजीनामा द्यावा." प्रेसवाल्या भावानं वाचून विचारलं, ताई, हे कुठल्या कंपनीचं? मी म्हटलं, सगळ्यात जुन्या.

गठ्ठा घेऊन घरी आले. आईला वाचून दाखवलं. तिनं पूर्ण ऐकलं आणि म्हणाली, शेवट चुकलाय.

"त्यो राजीनामा दिऊन घरला बसंल. दुसरा यील, किल्ली त्याच्या कमरंला. पाणी परत आलं तर आमी कुठं उभं ऱ्हायाचं?"

मला सरांना पाडायचं होतं. पडलेले बघायचे होते, तेही डावीकडच्या सगळ्यांच्या देखत. आई किल्ली मागत होती. गल्लीतल्या बायकांनी कमिटीकडं तसा अर्जही केला होता, की पाणी आलं तर जनावरांसकट हॉल उघडायचा, एक किल्ली गल्लीत ठेवायची. सर म्हणाले, तशी पद्धत नाही.

मी म्हटलं, राजीनामा नाही तर नाही, पण त्यांचं तोंड मला उतरलेलं बघायचंय. आई म्हणाली, बघशील. आणि मग तिनं मला पद्धतच सांगितली. त्यांची नाही. आमची.

सुगी झाली की आमच्याकडं हंगामाचा सण असतो. ज्याच्या घरी जे पिकतं, जे जन्मतं, त्यातलं पहिलं चर्चला आणायचं. गुळाची ढेप, हळदीचे गड्डे, ऊस, भोपळा, अंडी, कोंबडा. गीत चालू असताना रांगेनं पुढं जायचं आणि वेदीच्या पायरीवर उभ्या सेक्रेटरीनं प्रत्येक वस्तू स्वतःच्या हातानं घ्यायची, देणाऱ्या घराचं नाव पुकारायचं. उपासनेनंतर लिलाव. घ्यायचं ते मंडळीतल्यांनीच, देवाची वस्तू बाजारात विकायची नाही. जे खपत नाही ते पुढच्या रविवारच्या लिलावापर्यंत सेक्रेटरीच्या घरी सांभाळायचं. आणि आणलेलं परत न्यायचं नाही. हे तर सरांनीच एकदा भर चर्चमध्ये बजावलं होतं, कुणीतरी फुटका भोपळा लाजून परत घेऊन निघाला तेव्हा.

आमची वाचलेली शेळी पुरानंतर महिन्याभरात व्याली होती. एकच करडू, मादी, काळीभोर. सणापर्यंत ते दांडगं झालं होतं, दोरी चावायचं, आईचा पदर चावायचं.

मग मी माझं काम केलं. कामगारांना गेटवर थांबवायला मी शिकलेय, गल्लीतली घरं तर माझीच. दार न् दार फिरले. सांगणं एवढंच होतं, की लिलावात करडावर बोली लावायची नाही. कुणीच नाही. एका म्हातारबानं विचारलं, आणि त्यांच्याकडच्यांनी लावली तर? मी म्हटलं, आवं, ते फ्लॅटमध्ये राहतात. सोसायटी कुत्रं पाळू देत नाही, शेळी देईल?

सणाच्या दिवशी गेटवर पत्रकं वाटली. शेवटची ओळ बदललेली: "एक किल्ली गल्लीत द्या." डावीकडच्या बायकांनी ती घडी करून गीताच्या पुस्तकात सरकवली, म्हणजे वाचणार. एका काकांनी ती माझ्या हातात परत दिली आणि म्हणाले, देवाच्या दारात राजकारण नको. मी म्हटलं, काका, दारातच तर झालं होतं.

रांग निघाली. गूळ गेला, हळद गेली, ऊस गेला. आईनं नऊवारी धुऊन नेसली होती, करडू छातीशी धरलं होतं. सरांनी तिला दुरूनच बघितलं. त्यांनी पाळकाकडं बघितलं, पाळक गीताच्या पुस्तकात बघत होता आणि त्याच्या खांद्यांवरून मला कळलं की तो हसू दाबतोय. सर हळू आवाजात म्हणाले, मागं व्हरांड्यात बांधा. आई हलली नाही. गीत संपलं, पेटीवाल्यानं सूर तसाच धरून ठेवला.

"सर," आई म्हणाली, फार मोठ्यानं नाही, पण शेवटच्या बाकापर्यंत गेलं. "पुरातनं वाचलेलीचं हाय. दोनी हातांनी घ्या."

त्यांनी घेतलं. छडी काखेत, करडू हातात. त्यानं आधी त्यांच्या टायवर तोंड टाकलं, मग वेदीच्या गालिच्यावर लेंड्या टाकल्या, टपटप, निवांत. लहान पोरं हसली, मग कुणालाच थांबवता येईना. सरांनी आमच्या घराचं नाव पुकारलं. त्यांच्या चेहऱ्यावर वरच्या काचेतला हिरवा उजेड पडला होता, तारवाखालच्या पाण्याचा. मी तो चेहरा नीट बघून घेतला. अजूनही मन खट्टू झालं की आठवते.

लिलावात करडाची पाळी आली. पाळकानं बोली मागितली. उजवे बाक गप्प. डावे बाक आपापल्या पायांकडं बघत होते. डॉक्टरीणबाईंचा हात जरासा वर गेला, त्यांच्या नवऱ्यानं तो परत मांडीवर ठेवला. करडू सरांच्या घरी गेलं.

पुढच्या रविवारी पुन्हा आलं, पुन्हा गप्प. त्याच्या पुढच्याही. मधल्या दिवसांत मी साताऱ्याहून फोन करून बातम्या घ्यायची. सरांच्या बंगल्यापुढचे गुलाब गेले. शेजाऱ्याची तुळस गेली. सरांची बायको माहेरी गेली, पण त्याचं कारण वेगळं असेलही. सरांना सकाळी कॉलनीच्या रस्त्यानं शेळीमागं फिरताना बघितलं म्हणून गल्लीतली पोरं मुद्दाम तिकडनं शाळेला जायची आणि म्हणायची, सर, गुड मॉर्निंग. दोघांनाही म्हणायची.

मी घरी होते त्या रविवारी दुपारी सर आमच्या गल्लीत आले. सगळी वर्षं शिकवलं, पण गल्लीत पाऊल पहिल्यांदा. हातात दोर, दोराला करडू. उंबऱ्याबाहेर थांबले. मी दार अडवून उभी राहिले. मला ते क्षणभर तसंच ठेवायचं होतं, ते बाहेर, मी आत, मधे दार. मनात वाक्यसुद्धा तयार होतं. आईनं मागून माझ्या खांद्याला धरून मला बाजूला केलं.

"आत या, सर," ती म्हणाली. "शेळी बी आत आणा."

ते आत आले. आमच्याकडं एकच खुर्ची आहे, त्यावर बसले. करडानं खोलीभर फिरून आपली जागा ओळखली आणि चुलीपाशी जाऊन बसलं. सर म्हणाले, हे परत घ्या. आई म्हणाली, आणलेलं परत न्हेत न्हाईत, सर, तुमीच सांगितलंय. त्यांनी दोर गुडघ्यावर ठेवला. मग विचारलं, काय पाहिजे? आईनं सांगितलं. त्यांनी कमिटी, पद्धत, जबाबदारी असं बरंच काही काढलं, आणि करडू त्यांच्या बुटाची नाडी चघळत होतं. शेवटी त्यांनी कमरेच्या किल्लीला हात घातला.

पुढच्या लिलावात आईनं बोली लावली, एकटीनं, आणि तिला तिचं करडू मिळालं. देणं-घेणं दोन्ही रीतसर.

सरांनी माफी मागितली नाही. बुडालेल्या शेळीचा शब्द काढला नाही. आई म्हणते, किल्ली आली, आता सोड. मी सोडलेलं नाही. पत्रकांचा उरलेला गठ्ठा साताऱ्यात माझ्या खाटेखाली आहे, आणि या पावसाळ्यात जाळीला आमच्या किल्लीनं न उघडणारं कुलूप दिसलं तर तो गेटवर येईल. त्या वेळी खाली सरांचं नाव घालीन.

आई आता दर रविवारी जाते. डावीकडं बसा, असं पाळक एकदा म्हणाला, जागा भरपूर आहे. ती म्हणाली, आमची मेंढरं हितंच हायती. शेरडांखालीच बसते, पण पुढच्या बाकावर, जिथं तिच्याकडं बघायचं टाळायला सरांना मान वळवावी लागते. किल्ली काळ्या दोऱ्यात गळ्यात असते. पदराच्या आत ठेवत नाही.